प्रार्थना शिकण्याविषयी आई-बाबांना

पुणे

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की हल्ली प्रार्थनेला बसले तरी शब्द सुचत नाहीत, तेच ते बोलले जाते आणि मन भलतीकडेच जाते. त्यावर आई म्हणाली की वय झाले की असेच व्हायचे. मला ते पटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. प्रार्थना आपोआप येणारी गोष्ट असती, तर आम्हांला प्रार्थना करायला शिकवा, अशी विनंती शिष्यांनी प्रभूला केलीच नसती. यहूदी घरांत वाढलेल्या त्या प्रौढ माणसांना ती शिकावीशी वाटली. मग तुम्हांला या वयात ती पुन्हा शिकावीशी वाटते, यात विश्वास उणा पडला असे मुळीच नाही.

धर्मसुधारक मार्टिन लूथर यांना त्यांच्या पेटर नावाच्या नाभिक मित्राने असाच प्रश्न विचारला होता आणि त्यांनी १५३५ मध्ये त्याला पत्ररूपाने उत्तर दिले. प्रभूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतील किंवा देवाच्या दहा आज्ञांतील एकेक ओळ घ्यावी, असे ते सांगतात. दहा आज्ञांच्या बाबतीत तर ते प्रत्येक आज्ञेपुढे चार गोष्टी पाहतात: ती मला काय शिकवते, कशाबद्दल उपकार मानावेत, कोणते पाप कबूल करावे आणि काय मागावे. चांगला नाभिक जसे आपले डोळे आणि मन वस्तऱ्यावर ठेवतो, तसे लक्ष ठेवावे, हेही त्यांनी त्या मित्राला त्याच्याच धंद्यातील उदाहरणाने समजावले. मला त्यातील सर्वांत मोलाची वाटते ती सूचना अशी की, एखाद्याच ओळीवर अंतःकरण भरून आले तर तेथेच थांबावे आणि बाकीची प्रार्थना खुशाल राहू द्यावी. म्हणून बाबा, शब्द शोधत बसू नका. आधी वचन वाचा आणि त्याला उत्तर द्या. तुम्ही पवित्र शास्त्रातील एकाहत्तराव्या स्तोत्रापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. म्हातारपणी मला टाकू नकोस, शक्ती सरल्यावर सोडू नकोस, असे तो स्तोत्रकर्ता देवाला सांगतो, आणि त्याच स्तोत्रात पुढच्या पिढीला देवाचे सामर्थ्य कळवीपर्यंत मला राहू दे, असेही मागतो.

आई, देवापुढे कुरकुर करू नये, असे तू नेहमी म्हणतेस, आणि म्हणूनच गुडघ्यांच्या दुखण्याविषयी त्याच्यापाशी काहीच बोलत नाहीस. पण तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो की हे कोठवर चालणार. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाने स्वतःच्या ग्रंथात ठेवू दिलेली तक्रार त्याच्यापुढे मांडायला तू का भ्यावेस? मला तर वाटते, दुखणे न सांगता नुसती उपकारस्तुती करणे म्हणजे आपल्याच पित्याशी पाहुण्यासारखे बोलणे होय. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने आधी दुःखाचा हा प्याला दूर कर, असे स्पष्ट मागितले आणि मगच पित्याच्या इच्छेवर सोपवून दिले. तो क्रम आपणही ठेवावा.

मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेसाठी वेंगुर्ल्यात राहणाऱ्यांना एकशे सातव्या स्तोत्राइतके जवळचे दुसरे काय असणार? गलबतांतून समुद्रात जाणारे लोक, उसळणाऱ्या लाटा, हतबल झालेली माणसे, त्यांचा धावा आणि त्यांना इच्छित बंदराला पोहोचवणारा परमेश्वर, हे सारे तेविसाव्या वचनापासून पुढे आहे. पावसाळी बंदी उठली की वाडीतली मुले मासेमारीला जातील, तेव्हा 'सर्वांचे रक्षण कर' एवढ्यावर न थांबता ते स्तोत्र वाचून एकेकाचे नाव घ्या. नाव घेतले की माणूस डोळ्यांपुढे येतो आणि मन भरकटत नाही.

ज्या दिवशी वाचणेही जमणार नाही, त्या दिवशी स्वस्थ बसा. आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, असे पौलाने रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे.

आई, वाडीतल्या त्या मुलांची नावे बाबांकडून लिहून घेऊन मला पाठव. रविवारी उपासनेनंतर फोन करीन, तेव्हा आपण तिघे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करू.

तुमची मुलगी