दहा महिन्यांचा करार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की मी, यावर आईचं नि माझं अजून एकमत नाही. ते राहू दे. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू चिडतेस, म्हणून लिहितोय. जर्मनीतल्या त्या बास्केटबॉल क्लबात फिजिओ म्हणून दहा महिन्यांच्या करारावर सही केलीस, ती मोडून ये, असं मी म्हणणार नाही. हॉस्पिटलची कायमची नोकरी सोडलीस, सोडलीस. त्यावर चकार शब्द काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला तिथलं बास्केटबॉल काय कळतंय?" खरंच नव्हतं कळत. मग रोज रात्री जेवणं झाली की पिंटूला शेजारी बसवून समजून घेतलं. युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धांत सगळ्यांत वर युरोलीग. 2025-26 पासून तिथं 20 संघ, नुसत्या साखळीतच प्रत्येकाचे 38 सामने. तिथल्या बऱ्याचशा बड्या क्लबांची जागा लांब मुदतीच्या परवान्यानं पक्की असते, एखादं वर्ष वाईट गेलं म्हणून त्यांना कोणी खाली ढकलत नाही. त्याखाली युरोकप, तो जिंकणाऱ्याला पुढच्या मोसमात वर जागा. फिबाचं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाचं, घर वेगळं. तिथं 2016 पासूनची चॅम्पियन्स लीग, आणि तिच्याखाली युरोप कप, ज्यात तुझा क्लब खेळतो. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत हरलेलेही तिथंच येतात. वरून मोजलं तर चौथी पायरी. कमी लेखत नाही गं. जर्मनीतल्याच केमनिट्झनं 2024 मध्ये हाच युरोप कप जिंकला, तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर आलं असणार. मला काळजी आहे ती एवढीच, की ज्याची जागा पक्की नाही त्याचा करारही पक्का नसतो.

आणि युरोलीग नि फिबा या दोन घरांचं भांडण! 2000 साली फाटलं, आणि त्या मोसमात युरोपात दोन दोन विजेते झाले, एकीकडं बोलोन्या, दुसरीकडं तेल अवीवचा मकाबी. पुढं 2017 पासून फिबानं देशांचे पात्रता सामने ऐन मोसमात, नोव्हेंबर-फेब्रुवारीत ठेवले. युरोलीग काही थांबली नाही आणि खेळाडू मधल्या मधे अडकले. क्लबाचा पगार घ्यायचा की देशाचा शर्ट घालायचा? बेळगावच्या माणसाला हे शिकवायला नको. 1956 पासून आपण तेच बघतोय, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी. तुझा क्लब फिबाच्या बाजूचा, म्हणजे फेब्रुवारीत त्या सामन्यांसाठी लीग थांबते तेव्हा तुला सुटी मिळेल असं पिंटू म्हणतो. मिळाली तर येऊन जा. आज्जी विचारत असते.

पिंटूनं जर्मनीतल्याच बॉनच्या क्लबाची गोष्टही सांगितली, तुझी बाजू घेऊनच. 2023 मध्ये बॉननं चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच उन्हाळ्यात त्यांचे प्रशिक्षक ईसालो पॅरिसला गेले, पाठोपाठ बरेच खेळाडू गेले. पॅरिसचा क्लब 2018 चा, अगदी पोरगा. त्यानं 2024 मध्ये युरोकप मारला आणि थेट युरोलीगमध्ये. ईसालो तर तिथून अमेरिकेत, मेम्फिसला पोचले. पिंटू म्हणाला, "बघा काका, क्लब जागेवर राहतो, माणूस वर जातो. सईताईचं असंच होणार." होऊ दे. त्याच्या तोंडात साखर पडो. पण मला दिसत होते ते बॉनमध्ये मागं राहिलेले. जिंकूनसुद्धा संघ असा पांगतो, तर हरल्यावर काय होत असेल?

तू चौथीत होतीस. उद्यमबागेत आम्ही सगळे कॉन्ट्रॅक्टवर. शनिवारी पगाराच्या पाकिटाबरोबर सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. मालाला खोट नव्हती, काम चोख होतं. ज्या कंपनीला आमचं कास्टिंग जायचं तिचीच मागणी घटली होती. म्हणजे वरच्यांचं बिघडलं आणि खालचे घरी. आईच्या पाटल्यांचं तुला माहीत आहे. तुझ्या करारात "दहा महिने" वाचलं आणि मला ते पाकीटच दिसलं.

म्हणून विचारतो, करारात नीट बघितलंस का? जर्मनीच्या लीगमध्ये तळाला राहणारे खालच्या गटात जातात. तसं झालं तर तुझा करार टिकतो की आपोआप संपतो? मोसम संपल्यावरचे दोन महिने कोण सांभाळणार? व्हिसा कामाशी बांधलेला. पगारातले थोडे दर महिन्याला बाजूला टाक, हात लावू नकोस. प्रशिक्षक बदलला की तो आपली माणसं घेऊन येतो, हेही ध्यानात ठेव. जुन्या हॉस्पिटलातल्या बाईंशी बोलणं तोडू नकोस…

सुरू झालं माझं. माफ कर. तू एकोणतीस वर्षांची आहेस, हे मला ठाऊक आहे.

खरं सांगू? तू पाठवलेला फोटो मी फौंड्रीत सगळ्यांना दाखवला. तो दोन मीटरचा गडी टेबलावर पाय टाकून बसलाय आणि तू खाली मान घालून त्याच्या घोट्याला टेप लावतेस. तोच हात. सुटीत आलीस की आज्जीला पलंगावर बसवायचीस, "आज्जी, बोटं वर, घोटा काटकोनात धर, हलायचं नाही." आधी नडगीवर एक पट्टी, मग टाचेखालून दोन्ही बाजूंनी वर, मग टाचेला तिरका वेढा, कुठं सुरकुती दिसली तर सगळं सोडून परत. आज्जी नंतर ती पट्टी कोणाला काढू द्यायची नाही. शेजारणींना बोलावून दाखवायची, "आमची सई डॉक्टर होणार." फिजिओ म्हणजे डॉक्टर नव्हे, हे तिला अजून पटलेलं नाही. ते बघताना मला वाटायचं, ही पोरगी कुठंही गेली तरी उपाशी राहणार नाही. आज तसंच वाटतं, आणि तरी रात्री झोप लागत नाही. दोन्ही खरं आहे.

आई म्हणते, "जेवालीस का बरोबर, तेवढं विचार." कुंदा पाठवायचा म्हणते, तिकडं पोचेपर्यंत टिकेल का ते सांग. बुधवारचा सामना आपल्याकडं मध्यरात्रीनंतर लागतो, आम्ही दोघं बघणार आहोत. तू बाकाच्या कुठल्या टोकाला बसतेस ते कळव, म्हणजे नेमकं तिकडं लक्ष ठेवता येईल. आणि कराराच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव. जर्मनमध्ये असले तरी चालतील, पिंटू अर्थ लावून देईल. संघ खाली गेला तर काय, ते कलम आधी पाठव.

तुझे,
बाबा