अर्थमंत्री साहेब, या कर्जात म्हाताऱ्यांचा हिशोब कुठंय?

मा. अर्थमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी केज तालुक्यातला, जिल्हा बीड. दिवाळी झाली की आमच्याकडची कोयतेवाली माणसं कारखान्याला जातात, शिकलेली पोरं आधीच चाकण-रांजणगावला गेलेली, मग गावात राहतं कोण तर म्हातारी माणसं, बारकी लेकरं आणि जनावरं.

2025-26 च्या बजेटमध्ये राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असं मांडलं होतं, नुसतं व्याजच 64 हजार कोटींच्या वर. कर्ज काढूच नका असं मी म्हणत नाही, विहीर पाडायला आम्ही पण काढतो. पण तेव्हा घरातला कर्ता माणूस बघतो की फेडायच्या टायमाला कमावते हात किती राहतील. 2019-21 च्या सरकारी सर्वेतच राज्यात एका बाईमागं सरासरी 1.7 लेकरं होती, म्हणजे हे कर्ज फेडायला येईल तेव्हा कमावणारे कमी आणि बसून खाणारे जास्त, त्यात मी पण असेन.

आता माझ्या घरातलं सांगतो. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आधारवर जन्मतारीख 01/01/1964 आहे, कार्ड काढताना समोरच्यानं अंदाजानं टाकलेली. आबा 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला होते, माझे थोरले चुलते तेव्हा रांगत होते. कागदावर बघितलं तर आबा त्यावेळी 8 वर्षाचे! गुडघे गेलेत, भिंतीला धरून उठतात, पण श्रावणबाळला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनला, वय 65 पाहिजे म्हणून 2029 पर्यंत थांबा असं सांगितलं. दाखल्यासाठी तीन चकरा झाल्या, दर वेळी शंभर रुपये जीपला.

आजीला लाडकी बहीणचे 1500 येतात, त्यातून दोघांच्या बीपीच्या गोळ्या भागतात. 2027 ला तिचे कागदावर 65 होतील आणि ते बंद. मग श्रावणबाळला अर्ज करायचा, तर लाडक्या बहिणीला वर्षाची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आणि म्हातारीला 21 हजार. महिन्याला 1750 रुपये झाले साहेब, एवढ्यात कोणाचं घर चालतं? बाई 64 ची असताना गरीब आणि 65 ची झाली की गरीब नाही, हे मला काही केल्या पटत नाही. म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधला केंद्राचा हिस्सा तर 80 वर्षापर्यंत महिन्याला 200 रुपयेच, 2007 ला पण तेवढाच होता.

पैसे नाहीत म्हणाल तर नवीन घोषणा थांबवा, पण 21 हजाराची अट बदला. ज्यांच्याकडं जन्माचा पुरावा नाही त्यांचं वय गावात येऊन पंचनामा करून धरा, 72 च्या कामावरचे सोबती अजून हायेत. आणि बजेट मांडताना पुढच्या 20 वर्षात किती माणसं 65 ची होणार, त्यांना किती पैसा लागणार, हा आकडा कर्जाच्या आकड्याशेजारी छापा.

आजीच्या हातात जानेवारी 2027 पर्यंतचा वेळ आहे.

आपला,
केज तालुक्यातला एक नातू