लेन्स आधी की पापण्या? डोळे मोजणाऱ्या ताईंना पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मी दवाखान्यात येऊन मानले असते, पण तिथे तुमच्या दारात नेहमी रांग असते आणि मला सविस्तर बोलायचं आहे. शिवाय मोतीबिंदूचं भिंग आणि उतरलेल्या पापण्या, अशी दोन्ही ऑपरेशनं मनात घेऊन बसलेल्या माझ्या वयाच्या बऱ्याच बायका आपल्या बडोद्यात आहेत. त्यांनीही हे वाचावं, म्हणून उघड पत्र.

मी तुमच्याकडे आले ती डोळ्यातलं भिंग बदलण्यासाठी लागणारी मापं द्यायला. मोतीबिंदू नुकता धरू लागला होता, चष्म्याचा नंबर जुना, त्यात सिलिंडरही, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळ्या बाजूंनी सारखी नसल्याने येणारा नंबर. पापण्यांचं ऑपरेशन दुसरीकडे, एका प्लास्टिक सर्जनकडे ठरत होतं. केस पेपरवर साखर, रक्तदाब, जुनी ऑपरेशनं, सगळं विचारलं होतं. पुढे काय करायचं मनात आहे, ते विचारायला रकानाच नव्हता. ते तुम्ही विचारलंत. मशीनवर हनुवटी टेकवून घेतलीत, पहिलं माप पाहून थांबलात, आणि म्हणालात, "काकू, वरची पापणी बरीच उतरलीय. तिचं काही करायचा विचार आहे का?"

हो म्हटल्यावर तुम्ही हसला नाहीत. "या वयात कशाला?" हे मी घरात पुष्कळ ऐकलं होतं. मी भरतनाट्यम शिकवते. सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं आणि १८८० च्या सुमारास तिकडच्या नर्तकी या शहरात आल्या, तेव्हापासून इथे हे नृत्य आहे. त्यात डोळे बोलतात. पापणीची सैल कातडी बुबुळावर आली की माझी नजर पहिल्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. आणि स्पष्टच सांगते, आरशातही मला ते आवडत नव्हतं. तुम्ही दोन्ही कारणं सारख्याच गांभीर्याने ऐकलीत. यासाठीच मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

मग तुम्ही जे समजावलंत, ते इतकं सोपं होतं की मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आत बसवायच्या भिंगाची पॉवर ठरते ती मुख्यतः दोन मापांवरून: डोळ्याची लांबी आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची गोलाई. वरची पापणी दिवसभर त्याच पडद्यावर टेकलेली असते. ती जड असेल तर तिच्या दाबाने गोलाई किंचित बदललेली असू शकते. पापणी हलकी केली की तो दाब जातो आणि गोलाई पुन्हा थोडी बदलते. बहुतेकांच्या बाबतीत हा फरक लहानच असतो, पण माझ्यासाठी टोरिक, म्हणजे सिलिंडर काढणारं भिंग सुचवलं होतं. ते नेमक्या कोनात बसवावं लागतं. कोन एका अंशाने चुकला तर साधारण तीन टक्के फायदा कमी होतो आणि तीस अंशांनी चुकला तर काहीच उरत नाही. अशा भिंगाचं माप, काही महिन्यांत बदलू शकेल अशा गोलाईवरून कशाला घ्यायचं? शिवाय पापणीच्या ऑपरेशननंतर काही आठवडे पुष्कळदा डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो. कोरड्या डोळ्याचं मापही भरवशाचं येत नाही.

तेवढ्यावर न थांबता तुम्ही आमच्या नेत्रतज्ज्ञांशी बोललात आणि त्यांनी प्लास्टिक सर्जनना फोन लावला. आधी पापण्या, मग तीनेक महिने थांबून नवीन मापं, मग भिंग, असं दोघांचं ठरलं. नवरात्र आटोपल्यावर, दसऱ्यानंतर पापण्या झाल्या. उत्तरायणाचे पतंग उतरले तशी मी पुन्हा तुमच्यासमोर बसले. आधीच्या मापाशी हे माप जुळत नव्हतं. सिलिंडर थोडा घटला होता आणि त्याचा कोनही सरकला होता. आता उजव्या डोळ्यात बसलंय ते या नव्या मापाचं भिंग.

तुम्ही एक गोष्ट बजावून सांगितली होती, तीही इथे लिहिते. हा क्रम सगळ्यांसाठी नाही. मोतीबिंदू पिकलेला असेल, रस्ता ओलांडायची भीती वाटत असेल, तर भिंग आधी. नुसती कातडी सैल नसून पापणी उचलणारा स्नायूच ढिला असेल, तरीही भिंग आधी करण्यामागे कारण असतं. भिंगाच्या ऑपरेशनात डोळा उघडा ठेवायला चिमटा लावतात आणि त्यानंतर काहींची पापणी आणखी उतरते. मग तिची दुरुस्ती शेवटी एकदाच केलेली बरी.

आणि माझी रक्त पातळ करणारी गोळी! नुसते बधिर करणारे थेंब घालून भिंग बदलतात तेव्हा ती बहुधा चालू ठेवतात, पापणीच्या वेळी मात्र तिचा विचार करावा लागतो. ती मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. पापण्यांच्या ऑपरेशननंतर डोळ्यामागे रक्तस्राव होणं दुर्मीळ, पण तसं झालं तर नजर जाऊ शकते. म्हणून रात्री एकाएकी जोरात दुखलं, डोळा ताठरला किंवा अंधारी आली, तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक निघायचं. तसं काही झालं नाही. पण काय झालं तर काय करायचं ते ठाऊक होतं, म्हणून मला शांत झोप लागली.

डावा डोळा धुळवडीनंतर करायचा आहे, रंगाचं पाणी नको म्हणून. मापांसाठी येईन तेव्हा तुमच्या डॉक्टरांकडे एक विनंती करणार आहे. केस पेपरवर एक ओळ वाढवा: "पापण्यांचं ऑपरेशन झालं आहे का, किंवा करायचं आहे का?" तुम्हीही माझ्या बाजूने शब्द टाका.

तुमची,
दांडिया बाजारातली नृत्यशिक्षिका काकू