वहीतल्या सात नंबरकडून

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तुम्ही प्रोफेसर झालात, तुमचे विद्यार्थी आता रुग्णवाहिकांवर संशोधन करतात, हे परवा दवाखान्यात कळलं. तेव्हा तोंडानं बोललो नाही, म्हणून आज चारचौघांत लिहितो.

साप चावलेला पेशंट दवाखान्यात पोचायला उशीर काहून होतो, हे पाहायला तुम्ही वही घेऊन मी चालवतो त्या १०८ च्या गाडीवर बसू लागलात, तेव्हा मला वाटलं, बाई चुका धरायला आल्या. पहिला आठवडा मी तुम्हाला खोट्या वेळा सांगितल्या. कॉल आला की दोन मिनिटांत गाडी बाहेर, सगळं चकाचक! तुम्ही ते गाडीच्या किलोमीटरशी ताडून पाहिलं. तक्रार केली नाही. घाटंजीच्या टपरीवर चहा पिताना एवढंच म्हणालात, "दादा, चांगली वेळ माझ्या कामाची नाही. उशीर सांगा, अन् काहून झाला ते सांगा. वहीत तुमचं नाव नाही, नुसता नंबर आहे." माझा नंबर सात.

मग मी सांगत सुटलो. फोन लागतो पुण्याला. तिथल्या पोरीला आमचं पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, कोणत्या नाल्यापलीकडं, हे कसं कळावं? २०१४ मध्ये राज्यात ९३७ गाड्या आल्या खऱ्या, पण नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, पाणी चढलं की गाडी अलीकडं अन् पेशंट पलीकडं. आम्ही वेळ मोजायचो कॉल आल्यापासून. तुम्ही त्याच्या आधी एक रकाना आखला: साप चावला कधी? दोरी आवळणं, मांत्रिक, मोटरसायकलची शोधाशोध, सगळं त्या रकान्यात निघालं.

कोलाम पोडावरचं ते पोट्टं आठवते? रात्री भुईवर झोपलेलं, पहाटे पोट दुखते म्हणून रडत उठलं. माय म्हणे, शिळं खाल्लं असेल. दाताची खूणही धड दिसत नव्हती. तुम्ही टॉर्च धरून "वर पाहा" म्हणालात. त्याच्या पापण्या उचलेनात. तुम्ही हळूच म्हणालात, "मण्यार." वाटेत त्याचा श्वास मंदावला, तशी तुम्ही अन् गाडीवरच्या डॉक्टरांनी पाळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबली. मी खड्डे चुकवत होतो, मागून त्या बॅगेचा फुस्स फुस्स आवाज. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच. पण लस दवाखान्यात, तिथवर श्वास आपणच पुरवायचा, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

वही सीटखाली पडली होती. पोट्टं आत गेल्यावर तुम्ही मला विचारून वेळा भरल्या. दंशाच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. अंदाजानं आकडा टाकता आला असता, कोण पाहणार होतं? तो पोट्टा आता शेतात डवरणीला जातो.

तुमचा छापलेला पेपर आमच्या डॉक्टरांनी मोबाईलवर दाखवला. इंग्रजी मला येत नाही. तक्त्यात सात नंबर शोधला, सापडला नाही. बरंच झालं म्हणा.

आता मी गाडीतून उतरलो की आधी विचारतो, किती वाजता चावला? अन् ते हातावर पेनानं लिहून ठेवतो.

रपटा अजून तसाच आहे. विद्यार्थी पाठवायचे तर पावसाळ्यात पाठवा. उन्हाळ्यात सगळ्या वेळा चांगल्याच येतात.

तुमचा,
सात नंबर