यादी करू देऊ नकोस

सेंट पॉल, मिनेसोटा

प्रिय वैशाली,

तुझं पत्र मिळालं आणि त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ऐपत असलेल्यांच्या पोरांना खिचडी कशाला, गरजूंची यादी करा आणि तेवढ्यांनाच वाढा. अमेरिकेत हे कसं चालतं, असं तू विचारलंस. मी इथल्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये गल्ल्यावर बसते, त्यामुळे यादी केल्यावर काय होतं ते रोज पाहिलंय. करू देऊ नकोस.

इथे शाळेतल्या जेवणाला सरकारी मदत १९४६ च्या कायद्यापासून आहे. देशभरात रोज जवळपास तीन कोटी मुलं हे जेवण जेवतात, पण सगळ्यांना भाव एक नाही. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असेल तर फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, म्हणजे फार तर ४० सेंट, आणि त्याच्या थोडं जरी वर गेलात तरी पूर्ण पैसे. फूड स्टॅम्प, म्हणजे धान्य-किराण्यासाठी सरकारी मदत, मिळणाऱ्या घरांतली मुलं आपोआप पात्र ठरतात. बाकीच्यांनी दरवर्षी अर्ज भरायचा: घरात माणसं किती, कोण किती कमावतं. हक्क असूनही मुलं सुटतात ती या अर्जापाशी.

आपलंच एक मराठी कुटुंब सांगते. नवरा विद्यापीठात पीएच.डी. करतो, बायकोला व्हिसामुळे नोकरी करता येत नाही, मुलगी पहिलीत. विद्यावेतनावर तिघांचं भागवायचं, म्हणजे ते सरळ पात्र होते. पण अर्ज काही भरला नाही. तो म्हणायचा, उद्या ग्रीन कार्डाच्या वेळी हे काढतील. अर्जात व्हिसाचा प्रश्नच नसतो, आणि शाळेतलं जेवण तिथे आड येत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. शेवटी ती हळूच म्हणाली, "ताई, फुकटचं खायची सवय नाही गं आम्हाला." यावर मी काय बोलणार? तू असतीस तर तूही गप्प बसली असतीस.

आणि अर्ज भरला तरी रांग असतेच. मूल ट्रे घेऊन येतं, कीपॅडवर आपला नंबर दाबतं, माझ्या स्क्रीनवर नाव उमटतं. कोण फुकट जेवतं हे इतरांना कळू द्यायचं नाही असा नियम आहे, पण पोरांपासून काय लपतं! शेजारच्या खिडकीवर पिझ्झा नि चिप्स रोख मिळायचे. पैसेवाली तिकडे, उरलेली ट्रेच्या रांगेत. मोठ्या वर्गांतली काही मुलं "भूक नाही" म्हणून कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसायची. वाढत्या वयाच्या पोराला दुपारी भूक नसते होय?

सगळ्यात वाईट म्हणजे मुलाच्या जेवणाच्या खात्यातले पैसे संपले की चढणारी उधारी. सवलतीच्या मर्यादेच्या जरा वर असलेल्या घरांची मुलं यात अडकायची. २०१४ साली सॉल्ट लेक सिटीतल्या एका शाळेत खात्यात पैसे नाहीत म्हणून मुलांच्या हातातले वाढलेले ट्रे काढून घेतले आणि जेवण कचऱ्यात टाकलं. मुलाच्या पुढ्यातून, वैशाली! आमच्या सेंट पॉलमध्येच फिलँडो कॅस्टील नावाचा शाळेच्या कॅन्टीनचा सुपरवायझर होता. मुलांकडे पैसे कमी पडले की तो स्वतःच्या खिशातून भरायचा. २०१६ च्या जुलैमध्ये पोलिसांनी रस्त्यात गाडी थांबवून त्याला गोळ्या घातल्या. पुढे लोकांनी त्याच्या नावाने वर्गणी काढून मुलांची उधारी फेडली. त्याचं नाव निघालं की माझे अजून डोळे भरतात.

कोविडमध्ये केंद्राने सगळ्यांनाच फुकट जेवण दिलं, आणि २०२२ च्या जूनमध्ये ते बंद केलं. मिनेसोटाने मात्र २०२३ च्या मार्चमध्ये स्वतःचा कायदा केला: नाश्ता आणि दुपारचं जेवण, प्रत्येक मुलाला, उत्पन्न न विचारता. कॅलिफोर्निया आणि मेन ही राज्यं आधीच पुढे गेली होती. पहिल्याच वर्षी अंदाजापेक्षा जास्त मुलं जेवली, खर्चही वाढला, आणि लगेच ओरड झाली की श्रीमंतांच्या पोरांना कशाला. मला ती पटत नाही. डॉक्टरची मुलगी ट्रे घेऊन रांगेत उभी राहते, म्हणूनच तिच्यामागचा मुलगा मान वर करून उभा राहू शकतो. ती पहिलीतली मुलगीही आता जेवते. गाजरं मात्र हमखास ट्रेमध्ये तशीच सोडते.

सगळं सुटलेलं नाही. घरून डबा आणला आणि नुसतं दूध घेतलं तर त्याचे पैसे पडतात. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तरी पडतात. शिवाय गरीब मुलांसाठी शाळेला जादा निधी मिळतो त्यात या अर्जांचा अजून हिशोब असतो. जेवण फुकट झाल्यावर पालक म्हणतात, आता अर्ज कशाला? मग आम्ही फोन करत बसतो.

आपल्याकडे १९९५ साली शाळेतल्या पोषण आहाराची योजना आली तेव्हा आपण पिशवीतून महिन्याचे तीन किलो तांदूळ घरी न्यायचो. शिजवलेलं अन्न द्या हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००१ चा. पण उत्पन्नाचा दाखला तेव्हाही कुणी मागितला नाही, आजही पहिली ते आठवीच्या मुलाला मागत नाहीत. समितीला हे सांग. डाळ पाणचट असते, भाजी वेळेवर येत नाही, स्वयंपाकी ताईंना मानधन तुटपुंजं, यावर खुशाल भांडा. ऐपतवाल्यांच्या मुलांनाही त्याच पंगतीत बसवा. डाळ पातळ झाली की त्यांचेच आईबाप पहिले शाळेत येतील.

बैठकीत काय ठरलं ते लगेच कळव. काकूंना नमस्कार, ओमला गोड पापा.

तुझीच,
मंजू