मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या कामाचा करार नीट करा

मा. संपादक,

ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एखादा लहान कारखाना ईआरपीनेक्स्ट हे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारे मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेले) सॉफ्टवेअर बसवायचे ठरवतो, तेव्हा सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. पण जॉबवर्कचे चलन (माल पाठवल्याची पावती), स्क्रॅपचे वजन, कंत्राटी कामगारांची हजेरी हे सगळे आपल्या पद्धतीने बसवून घ्यायला सल्लागार लागतो आणि त्याने मोबदला घेणे रास्तच आहे. मुंबईत घडलेले हे सॉफ्टवेअर जीपीएल आवृत्ती ३ या परवान्याखाली आहे, म्हणजे ते वापरायची, बदलायची आणि पुढे द्यायची मुभा आहे. तो परवाना पैसे घेण्याआड येत नाही. घोटाळा होतो तो एका पानाच्या कोटेशनवर काम सुरू केल्याने.

सल्लागाराने बदललेली प्रत तुमच्या हाती दिली, की तिचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) मिळण्याचा हक्क तुमचा. तो दुसऱ्या सल्लागाराला देण्यापासून तुम्हाला कोणी रोखू शकत नाही. जीपीएलखालच्या कोडसाठी ‘दर वापरकर्त्यामागे दरमहा लायसन्स फी’ अशी ओळ कोटेशनमध्ये असेल तर ती खोडायला लावा. सर्व्हरचे भाडे, देखभाल, प्रशिक्षण यांचे पैसे वेगळे, ते जरूर द्यावेत. बदल केले म्हणजे ते जगजाहीर करावे लागतील, ही मालकांची भीती मात्र अनाठायी आहे. स्वतःच्या कारखान्यापुरते केलेले बदल खासगी ठेवता येतात. परवान्याच्या कलम २ नुसार त्यासाठी प्रत बाहेरच्या माणसाकडे सोपवताही येते. मात्र त्याने काम फक्त तुमच्यासाठी, तुमच्या नियंत्रणाखाली करावे आणि तुमच्या कोडच्या प्रती इतरत्र नेऊ नयेत, हे करारात हवे. फाइल्स साठवून वाटून घेण्याच्या नेक्स्टक्लाउडसारखे, एफेरो जीपीएल या जीपीएलच्या भावंड परवान्याखालचे सॉफ्टवेअर असेल तर नियम कडक आहे. बदललेली प्रत बाहेरच्या व्यापाऱ्यांनी नेटवरून नुसती वापरली तरी त्यांना तिचा सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा लागतो.

मालकीचा खरा पेच १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा. बाहेरच्या सल्लागाराने लिहिलेला कोड, पैसे तुम्ही मोजले असले तरी, वेगळे ठरले नसेल तर सर्वसाधारणपणे त्याचाच. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षांची धरते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या.

सर्वाधिक नुकसान मात्र घाईने होते. सल्लागार वेळ वाचवायला ईआरपीनेक्स्टच्या मूळ फाइल्समध्येच बदल करतो. काही महिने सुरळीत जातात. मग ‘बेंच अपडेट’ ही नवी आवृत्ती चढवणारी आज्ञा चालवायची वेळ येते आणि गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कॉन्फ्लिक्ट (जुन्या-नव्या बदलांची टक्कर) उभे राहतात, किंवा रीसेट करून फाइल्स मूळ रूपात आणल्यावर केलेले काम पुसले जाते. त्या धास्तीने कारखाना अपडेट करणेच थांबवतो. जीएसटीचे नियम थांबत नाहीत. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) पाच कोटींवरच्या उलाढालीलाही सक्तीचे झाले. जुन्या प्रतीवर अडकलेल्याला असे बदल फार महागात पडतात. म्हणून बदल मूळ फाइल्सना हात न लावता वेगळ्या कस्टम ॲपमध्येच करावेत, कस्टम फील्ड (आपण वाढवलेले रकाने) फिक्स्चर म्हणून, म्हणजे कोडसोबत राहणाऱ्या फाइलच्या रूपात, त्याच ॲपमध्ये एक्स्पोर्ट करावेत आणि गिट रिपॉझिटरी (कोडचे भांडार) पहिल्या दिवसापासून कारखान्याच्या खात्यावर असावी. डोमेन, क्लाउडचे खाते आणि ई-इन्व्हॉइस पोर्टलशी सॉफ्टवेअर जोडणारे एपीआय लॉगिनही कारखान्याच्याच नावे.

शेवटचा हप्ता, आमच्या मते निदान पंचवीस टक्के, एका चाचणीपर्यंत रोखून धरावा. कोऱ्या सर्व्हरवर त्या रिपॉझिटरीतून सर्व ॲप बसवायचे, बॅकअप चढवायचा आणि एक चलन व एक बिल काढून पाहायचे. बॅकअपमध्ये डेटाबेस, पब्लिक फाइल्स, प्रायव्हेट फाइल्स आणि साइट कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) हे चारही भाग हवेत. साइट कॉन्फिगमधली एन्क्रिप्शन की (गुप्त मजकूर उघडणारी किल्ली) हरवली तर ई-मेल खात्याचे व इतर साठवलेले पासवर्ड पुन्हा उघडत नाहीत आणि नव्याने भरावे लागतात. जीपीएल स्वतः कसलीही वॉरंटी देत नाही, तेव्हा दोषदुरुस्तीची मुदत सल्लागाराकडूनच लिहून घ्यावी.

असा नमुना करार मराठीत तयार करून सभासदांना देण्याचे काम ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजकांच्या संघटनांनी हाती घ्यावे. मसुदा वकिलाने एकदा तपासला की तो शेकडो कारखान्यांना चालेल.

– लघुउद्योगांना संगणकसेवा देणारे काही व्यावसायिक, कोपरखैरणे, नवी मुंबई