आमच्या बँड पार्टीचं नाव छापा

प्रति,
मा. संपादक,

विषय : गावोगावच्या बँड पार्ट्यांच्या इतिहासाची नोंद

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत शहरातल्या एका फ्यूजन बँडवरचा लेख वाचला. मुलं मेहनती दिसतात, त्यांचं कौतुक झालं याचा आनंद आहे. पण लोकसंगीत, कव्वाली आणि विजेवरची वाद्यं एकत्र आणण्याचा प्रयोग आपल्याकडे आता कुठे सुरू होतोय, असं त्यात म्हटलं आहे, ते मला पटलं नाही. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावची बँड पार्टी हेच काम दोन पिढ्यांपासून करते आहे. मी शेतकरी आहे, गावच्या भजन मंडळात हार्मोनियम वाजवतो आणि या पार्टीतल्या बहुतेकांना लहानपणापासून ओळखतो. म्हणून हे पत्र.

पार्टी उभी राहिली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. त्याआधी लग्न असो की पोळा, गावात वाजायचं ते डफडं आणि सनई, आणि वाजवायची मातंग समाजातली दोन घरं. वाजवणं हे त्यांचं कामच समजलं जाई. मोबदला म्हणजे खळ्यावरचं धान्य, एखादं जुनं धोतर आणि देणाऱ्याची मर्जी. दुष्काळात खळीच रिकामी राहिली, मग वाजंत्र्याला कोण काय देणार? त्या घरातले दोघे भाऊ गिट्टी फोडायच्या दुष्काळी कामावर गेले. तिथल्या मजुरीतून त्यांनी नागपुरातून एक जुनं क्लॅरिनेट आणि एक साइड ड्रम आणला. दोन्ही मेरठची. बँडची वाद्यं बनवणारी मेरठची जली कोठी ही वस्ती आजही देशभरच्या बँडवाल्यांना माहीत आहे.

वाद्यं आली तेव्हाच त्यांनी एक नियम केला : कुणाच्या दारात उभं राहून मागायचं नाही. आधी बयाना, मग वाजवणं, आणि वाजवून झालं की ठरलेली रक्कम हातात. आज हे ऐकायला साधं वाटतं. त्या काळी गावातल्या काही मोठ्या घरांना ते चांगलंच झोंबलं. एका लग्नसराईत त्यांना गावात कुणीच बोलावलं नाही, तेव्हा ते पांढरकवडा आणि घाटंजीकडच्या गावांत जाऊन वाजवत राहिले. पुढे गावच त्यांच्याकडे बयाना घेऊन आलं. पार्टीला मालक तेव्हाही नव्हता, आजही नाही. आलेल्या पैशाचे सारखे वाटे होतात, आणि एक वाटा वाद्यांचा असतो. दुरुस्ती, क्लॅरिनेटची नवी पानं, ड्रमची ताणलेली कातडी, सगळं त्या वाट्यातून. शहरातले बँड स्वतःला स्वतंत्र म्हणवतात तेव्हा मला हा वाद्यांचा वाटा आठवतो.

या नियमामुळेच बेंजोवाला पार्टीत आला. तो बौद्ध वस्तीतला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर त्याच्या आजोबांनी गावकीची कामं सोडली, त्यात वाजवणंही सोडलं. घरात पुन्हा वाद्य आलं ते भीमजयंतीच्या मंचासाठी. रात्र रात्र चालणाऱ्या भीमगीतांच्या कव्वालीत, सवाल-जवाबात, तो पोरगा बेंजो वाजवू लागला. बँड पार्टीत यायला घरच्यांचा आधी विरोध होता. वरातीपुढे वाजवणं म्हणजे पुन्हा तेच काम, असं त्यांना वाटे. तो बयान्याचा नियम ऐकल्यावर ते तयार झाले. दोन समाजांतली माणसं एका पार्टीत बसली ती या एका अटीवर, आणि माझ्या मते आमच्या गावातली ही फार मोठी गोष्ट आहे.

बेंजोचं मूळ गाव जपानमधलं नागोया. १९१२ च्या सुमारास तिथे हे बटणांचं तंतुवाद्य बनलं आणि आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं, बेंजो झालं. त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडलं की ते आख्ख्या वरातीवर राज्य करतं. पण बटणामुळे त्याचे सूर ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, भजनातली ती आर्त ओढ, त्याला जमत नाही. ते काम क्लॅरिनेटचं. म्हणून पार्टीत चाल बेंजो धरून ठेवतो आणि हरकती क्लॅरिनेट घेतं. हे कुणी शिकवलं नाही, वाजवता वाजवता त्यांना सापडलं.

खंजिरी आमच्या भजन मंडळातून गेली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम १९३५ चा. त्यांची खंजिरी भजनं विदर्भात गावोगावच्या मंडळांत आजही म्हटली जातात. थोरला भाऊ आमच्या सामुदायिक प्रार्थनेला येऊन बसायचा. खंजिरीचा तो उड्या मारणारा कहरवा त्याने साइड ड्रमवर उचलला, मधली एक जागा मुद्दाम रिकामी ठेवून. ती रिकामी जागा भरायला ढोल आला, जवळच्या कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून. कोलामांची दंडार आणि ढेमसा हे नाच ज्याने रात्री उशिरापर्यंत पाहिले आहेत, त्याला त्या ढोलाचं वजन सांगायला नको. पोडावरचा ढोलकरी आधी फक्त दिवाळीनंतरच्या वरातींना यायचा, मग कायमचाच पार्टीत राहिला. आता त्याचा मुलगा वाजवतो.

हे सगळं एकत्र का आलं, तर पार्टीचं वर्षच तसं आहे. पोळ्याला बैलांपुढे, गणपती-देवीच्या मिरवणुकीत, ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला, तुळशीच्या लग्नानंतर वरातींना, १४ एप्रिलला जयंतीला, आणि उरुसात संदलच्या मिरवणुकीपुढे. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांना मानणारी माणसं आमच्याकडे सगळ्या जातिधर्मांत आहेत. एकाच पार्टीला ही सगळी दारं माहीत असावी लागतात. मग संदलची कव्वाली नकळत वरातीत शिरते आणि वरातीची चाल देवीपुढे. त्यांची एक वरात मी नेहमी ऐकतो : सुरुवात भजनाच्या संथ चालीवर, मारुतीच्या देवळाजवळ टाळ्यांची कव्वाली, आणि मांडव दिसायला लागला की ढेमशाचा ढोल. नवरदेवाकडचे म्हातारे त्या शेवटच्या भागात हमखास नाचतात.

पुढे कॅसिओ आला, ऑक्टोपॅड आला, भारनियमनामुळे जनरेटर घ्यावा लागला, चालत वाजवणारी पार्टी छोट्या गाडीवर चढली. त्यात काही हरवलं, विशेषतः ट्रम्पेट. डीजे आल्यावर कामं निम्म्याने गेली. आता डीजेवर निर्बंध येतात ते मला मान्यच आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि डीजेच्या भिंती ती कधीच ओलांडून गेल्या आहेत. पण मिरवणुकीत डीजेला नकार मिळतो, तेव्हा त्याच कागदावर आमच्या पार्टीलाही नकार मिळतो, कारण परवानगी देणाऱ्याच्या लेखी दोन्ही ‘वाद्य’. हातांनी वाजवणारी माणसं आणि स्पीकरची भिंत यांत फरक करावा, एवढं तरी आपण अग्रलेखातून लिहावं.

माझी खरी विनंती मात्र वेगळी आहे. धाकटा भाऊ, क्लॅरिनेटवाला, आता थकला आहे. दम पुरत नाही. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे, २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये. पन्नाशी ओलांडलेली हवी आणि किमान पंधरा वर्षं कलेत घालवलेली हवीत. त्याने तर आयुष्य घालवलं. अर्ज भरताना दोन ठिकाणी अडलं. कलाप्रकार काय लिहायचा? भजन म्हणावं तर तो कीर्तनकार नाही, कव्वाली म्हणावं तर तो गात नाही, आदिवासी कला म्हणावं तर तो आदिवासी नाही. आणि पुरावा? प्रमाणपत्रं, कार्यक्रमाचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं. लग्नात वाजवणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देतं? फोटोत नवरदेव असतो, बँडवाल्याचा फार तर अर्धा खांदा येतो.

झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, सीमेपलीकडे तेलंगणातल्या आदिलाबाद भागातल्या गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये. दोन्ही वेळा आम्हाला फार अभिमान वाटला. त्यांच्या कलांना नाव आहे, चौकट आहे. अनेक कलांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला चौकट नाही, म्हणून त्याची नोंदही नाही.

संपादक महाशय, ही नोंद आपण करू शकता. तालुका पानावर दर आठवड्याला एका बँड पार्टीची माहिती छापा : गाव, सुरुवात कधी झाली, कोण काय वाजवतं, कुणाकडून शिकलं. नावांसकट आणि वाद्य हातात असलेल्या फोटोसकट. ते कात्रण अर्जाला जोडता येईल. आमच्याच नव्हे, वणी, राळेगाव, मारेगाव, झरी, प्रत्येक तालुक्यात अशा पार्ट्या आहेत. मी या पत्रात कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, कारण ते त्यांनी स्वतः आपल्या प्रतिनिधीला सांगावं अशी त्यांची इच्छा आहे.

सध्या सगळे कापूस वेचणीत आहेत, त्यामुळे दिवसा कुणी भेटणार नाही. संध्याकाळी सातनंतर मात्र पार्टी समाजमंदिराजवळ सरावाला बसते. तुळशीच्या लग्नाआधी प्रतिनिधी पाठवला तर बरं, नंतर ते रोज बाहेरगावी असतात.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी,
ता. केळापूर, जि. यवतमाळ